रेतीची चव

हातोडीच्या तिसऱ्या ठोक्याला ईशान्येच्या कोपऱ्यातला पिलर भद्द वाजला. मी आणखी एकदा मारून पाहिलं, मग गुडघे टेकून जोत्याजवळ कान नेला आणि पुन्हा मारलं. आवाज तोच. चांगलं काँक्रीट ठणकन उत्तर देतं, आतून फुगून सुटलेलं काँक्रीट ओल्या पोत्यासारखं वाजतं. या कामात मला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि एवढं माझ्या कानांना पक्कं कळत होतं.

बाकीचे पाच पिलर मी आधीच वाजवून आले होते. पाचही ठणठणीत होते. ते मी ऐकलं आणि ऐकून सोडून दिलं. पेण तालुक्यात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेणारी मी एकटीच बाई. त्या तोऱ्यात असताना माणूस स्वतःच्या कानांनाही फारसं विचारत नाही.

घराचे मालक हसुराम घरत ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. वय सत्तरीचं, शर्ट कडक इस्त्रीचा. घरतांची खाडीकाठाला दोन मिठागरं होती आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"झाला वाजवून?" त्यांनी विचारलं.

"झालं, काका. हा एक मुळापासून गेलाय."

"मना ठाव हाय. दोन वर्सं तेच सांगतंय. तुजे बापासनी खाडीची रेती घातली. बापासनी बिघरवला, आता लेकीनी नीट कर."

हे ते हसत हसत बोलले, हातावर प्रसाद ठेवावा तसे.

हे घर अठ्ठ्याहत्तर साली माझ्या बाबांनी बांधलं होतं. गावातलं पहिलं स्लॅबचं घर. ते बघायला आजूबाजूच्या गावांतली माणसं आली होती म्हणे, आणि तिथून पुढे तीस वर्षं आमच्या पट्ट्यात कुणी घर बांधायला काढलं की पायाचा पहिला दगड गोमा मिस्त्रीच्या, म्हणजे बाबांच्या, हातचा, हे ठरून गेलं. बाबांचं काम थांबलं, गुडघे गेले, तरी दगड बसवायला त्यांना गाडी पाठवून नेत. दोन वर्षांपूर्वी हसुकाकांच्या देवघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. मग जमीन खचली, मग पिलरचा गिलावा पडला आणि आतली गंजलेली सळई दिसली. हसुकाकांनी प्रत्येक हळदीत, प्रत्येक बाजारात एकच गोष्ट सांगितली, की गोमाने खाडीची खारी रेती घालून गावाला फसवलं. लोक आपापल्या घरांचे पिलर वाकून बघायला लागले. त्या दोन वर्षांत बाबांना दगड बसवायला एकही गाडी आली नाही.

शेवटी गावकीत विषय निघाला. बाबांनी बांधलेल्या घरांत राहणाऱ्या काही म्हाताऱ्यांनी सांगितलं, की उगाच बोलू नका, जाणकाराकडून लिहून आणा. हसुकाकांनी जाणकार म्हणून मलाच निवडलं. काम माझं, आणि काम चालू असताना पायात जे सापडेल ते कागदावर माझ्या सहीने. रविवारी ते स्वतः तो कागद गावकीत वाचणार होते.

"परक्यानी लिवला तं गोमा बोलंल हसूनी इकत घेतला," ते म्हणाले. "लेकीनी लिवला तं काय बोलंल?"

माणूस हुशार होता, हे मान्य करायलाच हवं. मी म्हणाले, "लिहून देते." त्यांना वाटलं होतं मी कचरेन, पण मी कचरले नाही. कारण वाक्य माझ्याकडे घरूनच तयार होतं: 'बांधकामाचे वय झाल्यामुळे पायातील लोखंड गंजले आहे.' त्यात खोटं काही नव्हतं. तीस वर्षं झालीच होती की.

आता ते वाक्य मी का तयार ठेवलं होतं, ते सांगते.

बाबा रेती चाखायचे. लहानपणी मला ती जगातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटायची. गाडी आली की बाबा ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आतली रेती काढायचे, चिमूटभर जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. त्यांच्या भाषेत रेती दोनच प्रकारची, खारी नाहीतर गोडी. खारी असली की थुंकून गाडी परत. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथली रेती काँक्रीटमध्ये गेली तर मीठ सळई खातं, हे मला पुढे डिप्लोमाच्या पुस्तकात कळलं. ते बाबांना जिभेने ठाऊक होतं.

पण आईच्या तोंडून मी एक गोष्ट अनेकदा ऐकली होती. मी पोटात होते त्या वर्षी पावसात पूल वाहून गेला, रेतीच्या गाड्या बंद झाल्या, आणि हसुरामच्या घरासाठी तुझ्या बापाने रेती होडीतून आणली. ती हे कौतुकाने सांगायची. मी मात्र मोठी झाल्यावर त्यातून वेगळा अर्थ काढला. होडी म्हणजे खाडी आणि खाडी म्हणजे खारी रेती. घराची घाई असेल, हसुराम डोक्यावर बसला असेल, केलं असेल एकदा. भेगेची बातमी आली तेव्हा माझ्या मनात पहिली आठवण आली ती होडीची. बाबांना मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते उत्तर मला ऐकायचं नव्हतं.

काम सुरू करायच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हणाले, "बाबा, तुम्ही साइटवर येऊ नका. धूळ फार असते, छातीला त्रास होईल."

ते जेवत होते. मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर सिमेंटच्या धुळीत वावरलेला माणूस तो.

"बरा," ते म्हणाले, आणि परत जेवायला लागले.

पहिले दोन दिवस काम अगदी माझ्या मनासारखं झालं. त्या कोपऱ्यावर येणारा सगळा भार आधी उचलून धरायचा होता. आम्ही जोत्याच्या बीमखाली दोन जॅक लावले आणि स्लॅबखाली सहा लोखंडी टेकू. माझा मिस्त्री कमलाकर जॅकचा दांडा फिरवत होता आणि मी भेगेवर पेन्सिलने केलेल्या खुणा बघत होते. दोन सूत, म्हणजे पाव इंच, उचललं तेव्हा घर कुरकुरलं आणि भेग थोडी मिटली. मी हात वर केला, कमलाकर थांबला. हसुकाकांच्या बायको यमुनाकाकू देवघरातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरीनी घर उचलला गो बाय." मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पिलरभोवतीचा खड्डा पुरुषभर खोल गेला आणि फूटिंग, म्हणजे पायातला काँक्रीटचा रुंद ठोकळा, उघडा पडला. त्याचा वरचा थर छिन्नीने फोडला तर आतली सळई हातात आली आणि पापुद्रे सुटून चुरा झाली. बोटाएवढी जाड सळई पेन्सिलीच्या शिसाएवढी उरली होती. मी ताज्या फोडलेल्या जागेवर बाटलीतून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. काँक्रीटमध्ये मीठ असलं की तिथे दुधासारखा पांढरा डाग उमटतो. इथे डाग नुसता उमटला नाही, पसरत गेला.

हसुकाका खड्ड्याच्या काठावर उभे होते.

"ह्या पांढरा काय?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या बाटलीत काय आहे हे त्या गावात कुणालाही माहीत नव्हतं. पण समोर दिसलेलं मी कधी नाकारलेलं नाही, तेवढी एक शिस्त मला होती. कागदावर काय लिहायचं ते रविवारचं रविवारी बघू, असं मनाला सांगितलं.

"मीठ," मी म्हणाले.

तासाभरात अर्धं गाव खड्ड्याच्या काठावर जमलं. हसुकाका प्रत्येकाला वाकायला लावून तो डाग दाखवत होते. गोमाच्या पोरीच्या तोंडाकडे बघायची प्रत्येकाला घाई होती. मी घमेलं उचलून माती उपसत राहिले. काम नसलेला माणूस अशा वेळी जास्त उघडा पडतो.

त्या संध्याकाळी घरी बाबांना मी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, बातमी माझ्याआधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साइटवर आले तर बाबा तिथे आधीच हजर. आमच्या गावाहून पहिल्या एसटीने आले होते, धुतलेला पांढरा सदरा घालून, आणि हसुकाकांच्या दारात उभे होते. ओटीवर त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि त्यांनीही पायरीवर पाय ठेवला नव्हता.

"बाबा, तुम्ही कशाला..."

"खालचा तुकडा दे," ते म्हणाले.

मी खड्ड्यात उतरले आणि फूटिंगचा सुपारीएवढा तुकडा फोडून वर दिला. बाबांनी तो झटकला, बोटांनी चुरला आणि चुरा जिभेवर ठेवून डोळे मिटले. कालच्यापेक्षा जास्त माणसं जमली होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात एकच होतं, की आता गोडी म्हणू नका. बाटलीचा डाग सगळ्यांनी पाहिलाय, आता खोटं बोलू नका.

बाबांनी डोळे उघडले. "खारा हाय," ते म्हणाले. "चांगला खारा हाय."

हसुकाकांनी टाळी वाजवायचीच काय ती बाकी ठेवली. "ऐकला? त्याचे तोंडानी ऐकला ना?"

बाबांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. "आता बाजूचा पिलर खोल," ते मला म्हणाले.

"बाजूचा चांगला आहे, बाबा. त्याला हात लावायची..."

"चांगला हाय ते तुना कोनी सांगितला?"

"वाजवून पाहिलाय मी."

"मंग तो चांगला कसा र्‍हायला? त्यालापन तीच रेती हाय. एका ढिगातली."

मी छिन्नी हातात घेऊन तशीच उभी राहिले. सहा पिलर, एकच रेती, एकच माणूस, एकच आठवडा. रेती खारी असती तर सहाही पिलर सडायला हवे होते. हा प्रश्न मला पहिल्या दिवशी, पाचवा पिलर ठणकन वाजला तेव्हाच पडायला हवा होता. शिकाऊ पोरालाही पडला असता. मला पडला नाही, कारण उत्तर मी घरूनच घेऊन आले होते.

आम्ही बाजूच्या पिलरचा पाया एका अंगाने तेवढा उघडला. मग त्यापलीकडचा. मग मागच्या दाराजवळचा. मग ओटीजवळचा. दुपारपर्यंत चार ठिकाणचे तुकडे बाबांच्या तळहातावर आले आणि चारही वेळा ते डोळे उघडून म्हणाले, "गोडी." प्रत्येक ठिकाणी मी थेंब टाकले. कुठेच पांढरं उमटलं नाही. सळया निळसर काळ्या, बसवल्या दिवशी होत्या तशा. 

"ही रेती कुठली, बाबा?" मी विचारलं. हा प्रश्न मी दोन वर्षांपूर्वी विचारायला हवा होता.

"भोगावती नदीची. वरचे अंगाची, जिथे भरती पोचत नाय. पूल गेलेला, गारी येवाला रस्ता नव्हता. मंग होरीतून आनली. बारा खेपा केल्या."

होडी तीच होती, रेती वरच्या अंगाची. आई हे एवढ्या कौतुकाने का सांगायची, ते मला त्या दिवशी कळलं.

आता उरलं ते एकच. मीठ रेतीतून आलं नसेल तर या एका खड्ड्यात ते आलं कुठून? मी आणि कमलाकर पुन्हा ईशान्येच्या खड्ड्यात उतरलो आणि फूटिंग वरून खाली थराथराने फोडायला घेतलं. मध्यावर, बरोबर जिथून पिलरच्या सळया उभ्या राहतात तिथे, छिन्नी एकदम आत गेली. आत पोकळी होती, नारळाएवढी गोल. मी हात घातला. ओलसर, खरबरीत भिंत लागली, आणि तळाशी खापऱ्या. एक एक बाहेर काढली. भाजलेल्या मातीचं छोटं मडकं होतं ते, गळ्याचा भाग अजून शाबूत आणि त्याला पांढरी पुटं चढलेली. पुटाला मी बोट लावलं आणि बोट जिभेला. थेंबांची गरजच पडली नाही.

मी खापरी वर धरली. बाबांनी ती घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि मग हळूच हसुकाकांकडे वळले. हसुकाका खुर्चीत नव्हते. ते ओटीच्या पायरीवर बसले होते.

"हसू," बाबा म्हणाले, "तू मना इचारला होतास. आमचे घरान्याचा पयले वाफ्याचा मीठ खड्ड्यात ठेवू का, बोललास. मी काय बोललो होतो?"

हसुकाका खापरीकडे बघत राहिले.

"काय बोललो होतो?"

"नको बोललास." आवाज एकदम बारीक झाला होता. "नानी ठेव, हलद ठेव, नारल फोर. मीठ नको."

"मंग?"

"तू जेवाला गेलास." हसुकाकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "बा मराचे आधी बोललेला, हसू, आपला घर मिठावर उभा र्‍हायला, नवे घराचे पायात पयला मीठ ठेव. मना वाटला, मिस्त्रीला काय कलतंय आमचे मिठातला. मडका ठेवला आनि वरून दोन घमेली माल टाकला. तू आलास नि बाकीचा ओतलास."

हे त्यांना आठवत होतं की नाही, म्हणजे दोन वर्षं गावभर बाबांना बोलताना आठवत होतं की नाही, हे मी पुढे खूपदा मनात घोळवलं. मला वाटतं आठवत होतं, पण त्या दोन गोष्टी त्यांनी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मिठागरात जन्म गेलेल्या माणसाला मीठ वाईट करील हे सुचणारच कसं? त्यांच्या लेखी ते घराचं रक्षण करत बसलं होतं.

बाबांचा आवाज चढलेला मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. त्या दिवशीही चढला नाही. "दोन वर्सं मी कुनाचे हलदीला गेलो नाय, हसू. तुजे नातीचे लग्नाला आलेलो. मंडपाचे दारात लोक माझेकरं बघाला लागली तवा तसाच मागे फिरलो. अहेर खिशान तसाच घेऊन घरी आलो."

यमुनाकाकू डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. बाबा म्हणाले, "एक चूक माजीपन हाय. जेवाचे आधी खड्डा बघितला, जेवून आल्यावर नाय बघितला. बघाला पायजे होता." तेवढं त्यांनी स्वतःच्या पदरात घेतलं, आणि मला वाटतं हसुकाकांना तेच जास्त लागलं.

माणसं पांगल्यावर हसुकाकांनी मला बाजूला बोलावलं. बाबा खड्ड्याच्या काठावर बसून कमलाकरला सळया कशा वळवायच्या ते सांगत होते. हाकेच्या अंतरावर.

"दर्शना, रविवारचे कागदात मडक्याचा नको लिवू," ते म्हणाले. "मी सांगंन सगल्यांना गोमाची चूक नव्हती. पन कागद गावकीचे कपाटान र्‍हातो, माजे मागं पोरा वाचतील. तू असा लिव, का बांधकामाचा वय झाला. तीस वर्सं झालीच ना? खोटापन नाय त्यात."

 माझंच वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते किती पळपुटं आहे ते कळलं. मला मोठ्याने हसायला आलं असतं, पण आली ती लाज. 

"काका, ते वाक्य माझ्याकडे तयार आहे," मी म्हणाले, आणि मुद्दामच आवाज खाली केला नाही. "घरून निघतानाच केलं होतं. बाबांसाठी."

बाबांची पाठ आमच्याकडे होती. कमलाकरच्या हातातली सळई त्यांनी थोडी डावीकडे सरकवली.

"ठाव हाय," ते मागे न बघता म्हणाले. "धुलीचा बोललीस तवाच कलला. आता दिसला ते लिव."

मी दिसलं ते लिहिलं, तीन ओळींत. ईशान्येच्या पिलरच्या पायात मिठाचं मडकं सापडलं आणि त्या मिठाने तिथली सळई खाल्ली. दुसऱ्या चार पिलरचे पाये उघडून तपासले, त्यांत मीठ नाही. रेती गोड्या पाण्याची आहे. मडकं कुणी ठेवलं ते मी लिहिलं नाही, कारण मी कुणाला ते ठेवताना पाहिलं नव्हतं.

रविवारी हसुकाकांनी कबूल केल्याप्रमाणे तो कागद उभं राहून वाचला. वाचून घडी घातली, चष्मा काढला. आता ते खाली बसले असते तरी चाललं असतं, पंचांपैकी कुणी विचारणारही नव्हतं. ते बसले नाहीत.

"मडका मी ठेवलेला," ते म्हणाले. "गोमानी नको बोलल्यावर ठेवला. दोन वर्सं खोटा बोललो त्याचेवर." मग ते बसले. बाबा शेवटच्या रांगेत होते. पुढची दोन माणसं सरकली आणि त्यांनी बाबांना पुढे बोलावलं. बाबा गेले नाहीत, पण चहा आला तेव्हा पहिला पेला कुणीतरी त्यांच्या हातात दिला.

पुढचं काम हा माझा प्रांत होता आणि ते मी झोकात केलं. सडलेलं सगळं काढलं, खड्ड्याची मीठ प्यायलेली माती हातभर खोल खरवडून बाहेर टाकली, पुन्हा थेंब टाकून खात्री केली. नव्या सळया बांधल्या, जुन्या पिलरच्या ज्या सळया वर चांगल्या होत्या त्यांना जोडल्या, आणि पिलरला कंबरेपर्यंत काँक्रीटचं जाकीट चढवायची चौकट ठोकली. ओतायच्या दिवशी यमुनाकाकूंनी खड्ड्यात हळद टाकली, हसुकाकांनी एक नाणं. मग ते खिशात हात घालून घुटमळायला लागले. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी खिसा उलटा करून दाखवला. रिकामा होता. कमलाकरला हसू आवरेना, आणि मग हसुकाकाही हसले.

त्या दिवशी बाबांना आणायला हसुकाकांनी गाडी पाठवली होती. बाबा ओटीवर खुर्चीत बसले होते, त्याच खुर्चीत. दहाच्या सुमाराला रेतीचा टेम्पो आला. रेती तपासल्याचा प्रयोगशाळेचा कागद माझ्या पिशवीत होता, पण तो कुणी मागितला नाही. सगळे बाबांकडे बघायला लागले.

बाबा गुडघ्यावर हात देऊन उठले. टेम्पोजवळ गेले, ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर रेती काढली. मग माझ्याजवळ आले आणि तळहात माझ्यापुढे धरला.

"चाख."

"तुम्ही चाखा ना, बाबा."

"साइट कोनाची हाय?"

मी चिमूटभर घेतली. लहानपणापासून हे बघत आले होते, पण बांधकामाची रेती तोवर कधी जिभेवर ठेवली नव्हती. डोळे मिटले. आधी नुसती कचकच लागली, मग दगडाची थंड चव, मागून थोडी मातीची. मी थांबले. जिभेच्या कडांना मीठ लागतंय का ते बघत राहिले. नाही लागलं. आणखी थोडी थांबले, कारण आता चुकायचं नव्हतं.

"गोडी," मी म्हणाले.

आता ते चाखून बघतील म्हणून मी त्यांच्या हाताकडे बघत होते. बाबांनी मुठीतली रेती परत ढिगावर टाकली आणि हात सदऱ्याला पुसले.

"उतरव," ते टेम्पोवाल्याला म्हणाले. "मिस्त्री गोडी बोलते."

आणि ते परत खुर्चीत जाऊन बसले. स्वतः त्यांनी चाखलीच नाही.